पऱ्हाटीतून तेल : मायक्रोवेव्हची करामत आणि विजेचा हिशेब

खास प्रतिनिधी

हिवाळा सरत आला, की विदर्भातील कापसाच्या शेतांत एक दृश्य हमखास दिसू लागते. शेवटची वेचणी आटोपलेली असते. मजूर लावून किंवा ट्रॅक्टरच्या साह्याने पऱ्हाट्या उपटल्या जातात आणि धुऱ्यावर त्यांचे ढीग रचले जातात. थोड्या पऱ्हाट्या चुलीसाठी घरी जातात, काही कुंपणाला लागतात. उरलेल्या ढिगाला एखाद्या संध्याकाळी काडी लावली जाते आणि थोड्याच वेळात तेथे राखेखेरीज काही उरत नाही.

शेतकरी आळसापोटी ही जाळपोळ करतात, असा शहरी समज आहे. तो बरोबर नाही. पऱ्हाटी जनावरे खात नाहीत. ती कडक व लाकडासारखी असल्याने शेतात लवकर कुजतही नाही. शिवाय २०१७ च्या हंगामात विदर्भ-मराठवाड्यात गुलाबी बोंडअळीने जो हाहाकार उडविला, त्यानंतर फरदड घेऊ नका, हंगाम संपताच पऱ्हाट्या उपटा आणि त्यांचे ढीग शेतात वा बांधावर ठेवू नका, असे कृषी विभाग व कृषी विद्यापीठे दरवर्षी बजावत असतात. वाळलेल्या बोंडांमध्ये अळी दडून राहते व पुढच्या हंगामात पुन्हा डोके वर काढते. ढीग ठेवता येत नाही, विकत घेणारा कोणी नाही, वाहून न्यायचा तर खर्च अंगावर येतो. अशा स्थितीत काडेपेटी हाच सर्वांत स्वस्त उपाय ठरतो.

हे नुकसान किती मोठे आहे? देशात दरवर्षी सुमारे ५० कोटी टन पीक अवशेष निघतात, त्यांतील १४ कोटी टन वापराविना शिल्लक राहतात आणि ९ कोटी २० लाख टन जाळले जातात, असा अंदाज पीक अवशेष व्यवस्थापनाच्या २०१४ मधील राष्ट्रीय धोरणात दिला आहे. पंजाब-हरियाणातील भाताचे काड आणि दिल्लीतील धुरके यांची चर्चा दर नोव्हेंबरात होते. पऱ्हाटीची तेवढी होत नाही. कापसाच्या एका हेक्टरमधून दोन ते तीन टन पऱ्हाटी निघते. महाराष्ट्रात कापसाखालील क्षेत्र साधारण ४० लाख हेक्टरच्या आसपास असते. म्हणजे राज्यात दरवर्षी ८० लाख ते सव्वा कोटी टन पऱ्हाटी तयार होते. वाळलेल्या पऱ्हाटीच्या एका किलोत सुमारे १७ मेगाज्यूल उष्णता असते. वीज केंद्रांत जाळल्या जाणाऱ्या सर्वसाधारण देशी कोळशापेक्षा ती कमी नाही.

हाच काडीकचरा हवा न लागू देता मायक्रोवेव्हने तापवायचा आणि त्यातून जैवतेल काढायचे, या दिशेने गेली काही वर्षे जगातील अनेक प्रयोगशाळांत काम सुरू आहे. 'कचऱ्यातून तेल' हे शब्द ऐकायला गोड वाटतात. त्यामुळेच ही क्रिया नेमकी काय आहे आणि तिचे गणित कोठे अडते, हे समजून घेणे आवश्यक आहे.

धुरातले तेल

वनस्पतीजन्य पदार्थ उघड्यावर पेटविला, की तो जळतो. मात्र त्याच पदार्थाला हवा मिळू न देता ४०० ते ५०० अंश सेल्सियसपर्यंत तापविले, तर तो जळत नाही. त्याचे रेणू तुटतात. या क्रियेला पायरोलिसिस म्हणतात. तीत तीन गोष्टी हाती लागतात. काळा कोळसा मागे राहतो, ज्वलनशील वायू बाहेर पडतात आणि दाट वाफा निघतात. या वाफा चटकन थंड केल्या, की काळपट तपकिरी द्रव जमा होतो. तेच जैवतेल.

ही कल्पना आपल्याकडे अगदीच अपरिचित नाही. कोळशाच्या भट्टीतून निघणारा पिवळसर पांढरा दाट धूर म्हणजे वस्तुतः हवेत उडून जाणारे तेलच असते. बिब्ब्यासारख्या बियांचे तेल काढण्यासाठी आयुर्वेदात सांगितलेले पातालयंत्रही याच तत्त्वावर चालते. बाहेरून आच द्यायची आणि आतल्या मडक्यातून खाली झिरपणारे तेल गोळा करायचे. फरक आहे तो वेगाचा. सावकाश तापविले तर कोळसा जास्त आणि तेल कमी मिळते. कच्चा माल काही क्षणांत ५०० अंशांच्या घरात नेऊन वाफा दोन सेकंदांच्या आत थंड केल्या, तर कोरड्या लाकडाच्या वजनाच्या ७५ टक्क्यांपर्यंत द्रव मिळू शकतो.

अडचण अशी, की काडीकचरा उष्णता सहजासहजी आत जाऊ देत नाही. गवताने शाकारलेले छप्पर उन्हाळ्यात घर थंड ठेवते ते याच गुणामुळे. बाहेरून कितीही आच दिली, तरी काडीच्या गाभ्यापर्यंत ती पोहोचायला वेळ लागतो. म्हणून प्रचलित जलद पद्धतीत कच्चा माल दोन-तीन मिलिमीटर इतका बारीक दळावा लागतो. पऱ्हाटीसारखी चिवट वस्तू दळण्यास वीजही लागते आणि दळण यंत्राची पातीही झिजतात.

पापडाचा धडा

मायक्रोवेव्हचा विचार येथे पुढे येतो. दुसऱ्या महायुद्धात रडारसाठी जे मॅग्नेट्रॉन वापरात आले, त्याचा प्रभावी नमुना बर्मिंगहॅम विद्यापीठात जॉन रँडल व हॅरी बूट यांनी १९४० मध्ये बनविला होता. युद्ध संपता संपता अमेरिकेतील रेथिऑन कंपनीच्या पर्सी स्पेन्सर यांच्या लक्षात आले, की या लहरींनी अन्न तापते. आज घरोघरी असलेल्या ओव्हनचा उगम तेथे आहे. घरगुती ओव्हन २.४५ गिगाहर्ट्झ कंपनसंख्येवर चालतो. मोठ्या कारखान्यांत बहुधा ९१५ मेगाहर्ट्झची यंत्रे वापरतात. या लहरी लांब असल्याने त्या मालात अधिक खोल शिरतात.

या लहरी पदार्थावर बाहेरून आच देत नाहीत. त्या आत शिरतात आणि पाण्यासारख्या रेणूंना सतत दिशा बदलण्यास भाग पाडतात. या ओढाताणीतून पदार्थाच्या अंतरंगातच उष्णता निर्माण होते. त्यामुळे माल पीठ होईपर्यंत दळण्याची गरज राहत नाही, बोटाएवढे तुकडेही चालतात. दुसरा फायदा अधिक महत्त्वाचा आहे. तुकड्याचा गाभा अधिक तापलेला व बाहेरचा भाग त्यामानाने थंड असल्याने आत तयार झालेल्या वाफा थंड भागाकडे निघून जातात आणि जास्तीच्या उष्णतेने पुन्हा तुटत नाहीत. बटण दाबताच उष्णता सुरू आणि बंद होते, ही सोय वेगळीच.

तथापि, मायक्रोवेव्हमध्ये पापड भाजणाऱ्या गृहिणींना या तंत्राचा दोषही ठाऊक आहे. पापड एका ठिकाणी फुलतो, एका ठिकाणी कच्चा राहतो आणि थोडे दुर्लक्ष झाले तर मध्येच काळा डाग पडून तेथून धूर निघू लागतो. लहरी सर्वत्र सारख्या पसरत नाहीत, हे त्याचे एक कारण. दुसरे असे, की पाणी उडून गेल्यावर कोरडी काडी लहरी फारशा शोषत नाही. परंतु जेथे कोळसा बनला, तो ठिपका मात्र त्या अधाशासारख्या शोषतो, अधिक तापतो आणि त्यामुळे आणखी कोळसा बनवितो. संशोधकांनी हाच दोष कामाला लावला आहे. कच्च्या मालात सुरुवातीलाच थोडी कोळशाची भुकटी किंवा सिलिकॉन कार्बाइड मिसळले, तर ते कण आतल्या आत निखाऱ्यांचे काम करतात. उष्णता आवाक्याबाहेर जाऊ नये म्हणून माल सतत हलता ठेवावा लागतो. मोठ्या यंत्रात हे साधणे, ही या तंत्रापुढील जुनी डोकेदुखी आहे.

इंग्लंडमधील यॉर्क विद्यापीठाच्या हरित रसायनशास्त्र केंद्राने गव्हाच्या काडावर केलेले संशोधन २००९ मध्ये प्रसिद्ध झाले. प्रा. जेम्स क्लार्क यांच्या या गटाने दाखवून दिले, की मायक्रोवेव्हचा वापर नियंत्रितपणे केल्यास २०० अंशांच्याही खाली काडाचे विघटन सुरू होते आणि मिळणाऱ्या तेलात पाणी व आम्ल कमी असते. याच गटाने २०११ मध्ये संत्र्याच्या सालींवर हे तंत्र वापरण्याची योजना ब्राझील व स्पेनमधील विद्यापीठांसह मांडली होती. अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात प्रा. रॉजर रुआन यांच्या गटाने मक्याच्या धांड्यांवर दीर्घकाळ काम केले आहे. भारतात आयआयटी मद्रासच्या रासायनिक अभियांत्रिकी विभागात जैवभार व प्लॅस्टिक यांच्या मायक्रोवेव्ह पायरोलिसिसचा अभ्यास झाला आहे. मायक्रोवेव्ह उपकरणांवर काम करणारी 'समीर' ही केंद्र सरकारची संस्था तर मुंबईतच, पवईच्या आयआयटी परिसरात आहे.

हे तेल म्हणजे डिझेल नव्हे

जैवतेल या शब्दाने बराच गैरसमज पसरतो. खाणीतून येणाऱ्या तेलाशी त्याचे साम्य रंगापुरतेच म्हणावे लागेल. त्याला धुराचा उग्र दर्प असतो. त्यात १५ ते ३० टक्के पाणी असते. ॲसेटिक आम्लासारख्या घटकांमुळे त्याचा पीएच दोन ते तीन म्हणजे साधारण व्हिनेगरइतका असतो, त्यामुळे साध्या लोखंडाच्या टाक्या ते खाऊन टाकते. ते डिझेलमध्ये मिसळत नाही. महिनोन्‌महिने साठविले तर दाट होत जाते आणि त्याचे थर वेगळे होतात. एक किलो फर्नेस ऑइलमधून सुमारे ४० मेगाज्यूल उष्णता मिळते; जैवतेलातून १६ ते १९. वाहनांच्या इंजिनात ते जसेच्या तसे घालणे म्हणजे इंजिनाची वाट लावणे होय. त्यापासून वाहनांचे इंधन बनविता येते, पण त्यासाठी उच्च दाबाखाली हायड्रोजनची प्रक्रिया करून त्यातील ऑक्सिजन काढावा लागतो. हे काम तेलशुद्धीकरण प्रकल्पाचे आहे, गावातील शेडचे नव्हे.

मग त्याचा उपयोग काय? बॉयलर व भट्ट्यांमध्ये बर्नर बदलून ते जाळता येते. नेदरलँड्समधील हेंगेलो येथे २०१५ मध्ये सुरू झालेला प्रकल्प तासाला सुमारे पाच टन लाकडी कचऱ्यापासून असे तेल बनवू लागला आणि ते एका दुग्धप्रक्रिया कारखान्याच्या बॉयलरमध्ये नैसर्गिक वायूऐवजी जाळले गेले. अमेरिकेत याच जातीच्या द्रवापासून खाद्यपदार्थांना धुराचा स्वाद देणारा अर्क फार पूर्वीपासून विकला जातो. तेलातील फिनॉल वर्गातील घटक प्लायवूडच्या डिंकासाठी उपयोगी पडू शकतात.

हेंगेलोच्या प्रकल्पातील एक बाब मात्र लक्षात ठेवण्याजोगी आहे. तेथे मायक्रोवेव्ह नाही, तापलेली वाळू आहे. ती वाळू तापविण्यासाठी प्रक्रियेत तयार झालेला कोळसाच जाळला जातो. उष्णता फुकटची आणि घरचीच. मायक्रोवेव्हच्या मार्गात उष्णता विजेतून येते. या तंत्राचे सारे भवितव्य या एका फरकावर अवलंबून आहे.

वीज कोठून आणायची?

ढोबळ हिशेब करून पाहू. उन्हात चांगली वाळलेली, दहा टक्के ओलावा उरलेली एक किलो पऱ्हाटी तापवून तिचे विघटन करण्यास सुमारे दोन मेगाज्यूल उष्णता लागेल. यंत्रातील घट धरली तर ही सुमारे ०.७ युनिट वीज होते. यातून वजनाच्या ३५ टक्के, म्हणजे ३५० ग्रॅम तेल मिळाले असे धरू. प्रयोगांतील आकडे यंत्र व तापमानानुसार कमी-अधिक येतात. या तेलात सुमारे सहा मेगाज्यूल उष्णता असेल. आता ०.७ युनिट वीज कोळशाच्या केंद्रातून आणली, तर तेथे जवळपास अर्धा किलो कोळसा जाळावा लागतो आणि त्याची उष्णता सात मेगाज्यूलच्या वर जाते. म्हणजे केवळ तेलाकडे पाहिले तर सहा मिळविण्यासाठी सात घालविण्याचा हा व्यवहार आहे!

अर्थात हे पूर्ण चित्र नव्हे. किलोमागे सुमारे पाव किलो कोळसा मागे राहतो आणि उरलेल्या वजनाचा वायू व पाणी होते. कोळसा विकता येतो, वायू जाळून पऱ्हाटी वाळविता येते. मात्र पऱ्हाटी ओली असेल तर गणित पार कोलमडते. नुकत्याच उपटलेल्या पऱ्हाटीत वजनाच्या निम्मे पाणी असू शकते, आणि ते विजेने उडवायचे म्हटले तर तेवढ्यासाठीच विजेचा खर्च दुपटीहून अधिक होतो. विदर्भातील फेब्रुवारी-मार्चचे ऊन हे काम फुकटात करते. पण वाळविण्यासाठी पऱ्हाटी पसरून ठेवायची म्हटले, की बोंडअळीचा प्रश्न पुन्हा उभा राहतो. पऱ्हाटी आधी यंत्राने बारीक करून घेणे हा त्यावरील एक मार्ग आहे. तुकड्यांमध्ये अळी तग धरू शकत नाही आणि वाळणेही लवकर होते.

विजेच्या प्रश्नाला दुसरे उत्तर सौर ऊर्जेचे. पऱ्हाटीचा हंगाम डिसेंबर ते मार्च आणि या काळात आकाश बहुतांशी निरभ्र असते. मायक्रोवेव्ह यंत्र क्षणात सुरू व बंद होऊ शकते, त्यामुळे दुपारी मुबलक असणारी सौर वीज वापरण्यास ते तापलेल्या वाळूच्या भट्टीपेक्षा अधिक सोयीचे आहे. शेतीसाठी दिवसा वीज देण्याकरिता राज्यात २०१७ मध्ये सुरू झालेल्या मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेतून ग्रामीण भागात सौर प्रकल्प उभे राहत आहेत. त्यातील दुपारची जादा वीज अशा कामी लागली, तर कोळशाचा तो सात मेगाज्यूलचा आक्षेप उरणार नाही.

गाव की जिनिंग?

यंत्र थेट शेतावर न्यावे, अशी कल्पना या तंत्राचे समर्थक मांडतात. त्यामागे सबळ कारण आहे. पऱ्हाटी हलकी व फोफावलेली असते. दहा टन क्षमतेच्या ट्रकमध्ये सुट्या पऱ्हाट्या जेमतेम दोन-तीन टन मावतात; उरलेले भाडे हवेचे. तेल मात्र पाण्यापेक्षा जड असते, त्याच्या एका लिटरचे वजन १.२ किलो भरते. दहा हजार लिटरच्या टँकरमधून बारा टन तेल जाते.

पण एका यंत्राचा आवाका किती? ९१५ मेगाहर्ट्झचे ७५ किलोवॅट शक्तीचे यंत्र घेतले, तर एका एकराची पऱ्हाटी, म्हणजे सुमारे एक टन माल, संपविण्यास त्याला सात-साडेसात तास लागतील. पाचशे एकर कापूस असलेल्या एका गावासाठी दिवसाला एक टन या वेगाने ९० दिवसांच्या हंगामात अशी पाच-सहा यंत्रे हवीत. एका यंत्रास ९० किलोवॅटच्या आसपास वीज लागेल. एवढ्या विजेवर पाच अश्वशक्तीचे चोवीस पंप चालतात. गावातील रोहित्र हा भार पेलणार नाही, हे सांगण्यास तज्ज्ञाची गरज नाही.

त्यामुळे शेतापेक्षा जिनिंग कारखान्याचे आवार ही जागा अधिक व्यवहार्य वाटते. तेथे उच्च दाबाची वीजजोडणी असते, मोकळी जागा असते, वजनकाटा असतो आणि कारखान्याचा हंगामही तोच असतो. कापूस घेऊन येणारी वाहने तेथे येतच असतात. गावात कुट्टी केलेली पऱ्हाटी त्याच वाटेने येऊ शकेल. शेजारी सरकीच्या तेलाची गिरणी असेल, तर तिच्या बॉयलरला हे तेल देता येईल. एक टन पऱ्हाटीतून मिळणारे ३५० किलो जैवतेल उष्णतेच्या दृष्टीने सुमारे १५० किलो फर्नेस ऑइलच्या बरोबरीचे आहे. त्यासाठीची सातशे युनिट वीज आठ रुपये दराने घेतली तर ५,६०० रुपये लागतील. फर्नेस ऑइलचा भाव उतरला, की ही वीजही परवडणार नाही. शेतकऱ्याच्या हाती काही ठेवायचे, तर ते कोळशातूनच येऊ शकते.

आणि कोळसा बनविण्यास मायक्रोवेव्हच हवा असे नाही. पुण्याच्या 'आरती' या संस्थेने उसाच्या पाचटापासून कोळसा करणारी साधी भट्टी विकसित केली व त्यासाठी तिला २००२ मध्ये ॲशडेन पुरस्कार मिळाला. डॉ. आनंद कर्वे यांच्या पुढाकाराने झालेल्या या कामात वीज लागत नाही. पाचटच जाळून बंद पिंपांतील पाचट तापविले जाते. मुंबईच्या केंद्रीय कापूस तंत्रज्ञान संशोधन संस्थेने पऱ्हाटीपासून पार्टिकल बोर्ड आणि ब्रिकेट बनविण्यावर काम केले आहे. ब्रिकेट ही तर सर्वांत सरळ वाट. पऱ्हाटी दाबून विटा करायच्या आणि बॉयलरमध्ये जाळायच्या. केवळ उष्णताच हवी असेल, तर आधी तेल करून मग जाळण्यात अर्थ नाही, असे म्हणणाऱ्यांना खोडून काढणे कठीण आहे.

मायक्रोवेव्हला जागा आहे ती त्यापलीकडे. तेलातील फिनॉलसारखी मोलाची रसायने वेगळी काढायची असतील आणि कोळसा जमिनीत मिसळण्यासाठी एकसारख्या दर्जाचा हवा असेल, तर उष्णतेवरील बारीक नियंत्रणाचे मोल आहे. पऱ्हाटीतील पालाश बहुतांशी कोळशातच राहते. तो शेतात परत गेला तर पालाशही परत जाते आणि हलक्या जमिनीत ओल टिकण्यास मदत होते. शेतात टाकलेल्या अशा कोळशाबद्दल कार्बन क्रेडिट देणारी बाजारपेठही अलीकडे उभी राहिली आहे. तिचे दर स्थिर नाहीत आणि मोजमापाचे नियम लहान शेतकऱ्याला झेपणारे नाहीत.

राहिला प्रश्न वर्षातील उरलेल्या नऊ महिन्यांचा. तीन महिने चालून बंद पडणारे यंत्र कोणी कर्ज काढून घेणार नाही. तुराट्या पऱ्हाटीच्याच हंगामात येतात. सोयाबीनचे कुटार ऑक्टोबरमध्ये निघते, पण त्यातील बरेच जनावरांना लागते. भंडारा-गोंदियाकडील भाताच्या काडात वाळूसारखी सिलिका असल्याने राख पुष्कळ निघते आणि त्यातील पालाशमुळे तेलाचा उतारा घटतो. प्रत्येक मालाचा ओलावा, राख आणि लहरी शोषण्याची रीत निराळी असल्याने यंत्राची घडी दर वेळी नव्याने बसवावी लागेल. यॉर्कमध्ये गव्हाच्या काडावर जमलेले पऱ्हाटीवर तसेच्या तसे जमेल, असे गृहीत धरता येत नाही. एखाद्या जिनिंगच्या आवारात एक पूर्ण हंगाम यंत्र चालवून युनिट, लिटर आणि किलो यांची रोजची नोंद ठेवली, तरच वरील ढोबळ हिशेबाच्या जागी खरे आकडे येतील.